रक्ताचा अहवाल : साक्ष आणि निकाल

धंतोली आणि रामदासपेठ हे नागपुरातील दवाखान्यांचे भाग. मेडिकल चौकात आणि मेयोच्या फाटकापाशीही तीच वर्दळ. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया येथूनच नव्हे, तर मध्य प्रदेशातील बालाघाट, शिवनी, छिंदवाड्यापासून रुग्ण या शहराच्या आश्रयाला येतात. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी असते आणि त्या पिशवीत गेल्या काही वर्षांच्या रक्त-लघवीच्या तपासण्यांचे कागद घडी घालून जपून ठेवलेले असतात. अलीकडे या कागदांची जागा मोबाइलने घेतली आहे. सकाळी रक्त दिले की संध्याकाळी अहवाल हातातल्या पडद्यावर उमटतो. डॉक्टरांची गाठ पडण्यापूर्वीच ठळक अक्षरांत छापलेला आकडा घरात सर्वांच्या नजरेखालून गेलेला असतो, आणि त्या आकड्यावर घरातले वातावरण एक तर निवळते, नाही तर काळवंडते.

या अहवालाला आपण न्यायालयाच्या निकालाचा दर्जा देऊन बसलो आहोत. वस्तुतः तो एका साक्षीदाराचा जबाब असतो. साक्षीदार प्रामाणिक असला तरी त्याला जेवढे विचारले तेवढेच तो सांगतो. त्याने जेथून पाहिले तेथूनच त्याला दिसलेले असते. आणि त्याच्या जबाबाचा अर्थ इतर पुराव्यांशी ताडून पाहिल्याखेरीज लावता येत नाही. तो अर्थ लावण्याचे काम चुकले तर काय अनर्थ होतो, हे समजून घ्यायला विदर्भातील माणसाला दूर जाण्याचे कारण नाही. सिकलसेल हा आजार आपल्या दाराशीच आहे.

विदर्भाच्या रक्तातील विळा

या रोगाचे पहिले शास्त्रीय वर्णन शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली केले. वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यकाच्या शिक्षणासाठी आलेल्या एका तरुणाच्या रक्तात त्यांना विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी आढळल्या. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की दोष पेशीत नसून तिच्यातील हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. पुढे १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रम यांनी हा फरक एका अमिनो आम्लापुरता असल्याचे सिद्ध केले. प्रथिनाच्या बीटा साखळीतील सहाव्या स्थानावर ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन आले, एवढ्यावरून हे सारे दुखणे. प्राणवायू कमी पडला की हे हिमोग्लोबिन घट्ट होते, पेशी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि असह्य वेदना उठतात. प्लीहेची झीज होऊन जंतुसंसर्गाशी झुंजण्याची शक्तीही लहानपणीच उणावते.

भारतात हे हिमोग्लोबिन प्रथम निलगिरीच्या आदिवासींमध्ये १९५२ साली लेहमान आणि कटबुश यांना आढळले. त्यानंतर सहाच वर्षांनी, १९५८ मध्ये, शुक्ल आणि सोळंकी यांचा मध्य भारतातील सिकलसेल वाहकांविषयीचा निबंध ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. म्हणजे आपल्या भागातील या प्रश्नाची जाण वैद्यकाला साठ वर्षांहून अधिक काळ आहे. पूर्व विदर्भातील आदिवासी, अनुसूचित जाती आणि काही इतर मागास समाज यांच्यात या जनुकाचे प्रमाण लक्षणीय आहे. मलेरियाचा प्रादुर्भाव असलेल्या प्रदेशात हे जनुक एकेरी बाळगणाऱ्या मुलाला त्या तापापासून काही संरक्षण मिळते, असे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ साली आफ्रिकेतील अभ्यासावरून दाखवले होते. आपल्या जंगलपट्ट्यात हे जनुक का टिकून राहिले, याचा उलगडा त्यातून होतो. तेव्हा यात कोणाचे पाप नाही आणि कोणत्या जातीचा कलंकही नाही.

एका शब्दाचे दोन अर्थ

आता तपासणीकडे वळू. शाळेत, आश्रमशाळेत वा प्राथमिक आरोग्य केंद्रात जी पहिली चाचणी होते तिला सोल्युबिलिटी किंवा द्राव्यता चाचणी म्हणतात. बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब एका द्रावणात मिसळतात. त्यातील रसायन पेशी फोडते आणि हिमोग्लोबिनमधील प्राणवायू काढून घेते. सिकल हिमोग्लोबिन असेल तर ते विरघळत नाही, द्रावण गढूळ होते आणि नळीमागे धरलेल्या कागदावरील रेघा दिसेनाशा होतात. रेघा दिसल्या तर उत्तर ‘निगेटिव्ह’, न दिसल्या तर ‘पॉझिटिव्ह’. चाचणी स्वस्त आहे, चटकन होते आणि खेड्यात करता येते. मोठ्या लोकसंख्येची पहिली चाळणी म्हणून तिचे मोल मोठे आहे.

परंतु या चाचणीला विचारलेला प्रश्न कोणता? ‘या रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे काय?’ एवढाच. ते किती आहे, एका पालकाकडून आले की दोघांकडून, हे तिला विचारलेलेच नाही आणि तिला सांगताही येत नाही. आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच हे जनुक मिळाले असेल तर तो माणूस वाहक. आपल्याकडे ज्याला ‘एएस’ म्हणतात तो. असा माणूस बहुधा सर्वसामान्य आयुष्य जगतो. अति श्रम, पराकोटीचे निर्जलीकरण अशा क्वचित प्रसंगी जपावे लागते, इतकेच. दोघांकडूनही जनुक मिळाले असेल तर तो रुग्ण, म्हणजे ‘एसएस’. या दोघांच्या आयुष्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. नळीतील गढूळपणा मात्र दोघांचाही सारखाच.

येथेच अनर्थाला सुरुवात होते. ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द ज्या कागदावर आहे, तो कागद घरी पोहोचतो. पुढची तपासणी होत नाही, झाली तरी तिचा अर्थ कोणी सांगत नाही. धडधाकट मुलगी ‘सिकलवाली’ ठरते. सोयरीक जुळवताना कागद मागितला जातो आणि कागद पाहून पाहुणे उठून जातात. ज्या मुलाकडून नकार येतो त्याच्या रक्ताची तपासणी बहुधा झालेलीच नसते. वास्तविक वाहक मुलीचे लग्न निरोगी मुलाशी झाले, तर त्यांच्या कोणत्याही अपत्याला एसएस हा आजार होण्याचा संभव नाही. प्रश्न उद्भवतो तो दोघेही वाहक असतील तर. अशा जोडप्याच्या प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण असण्याची शक्यता शंभरात पंचवीस, वाहक असण्याची पन्नास आणि पूर्णतः निर्दोष असण्याची पंचवीस असते. हे प्रमाण प्रत्येक खेपेला नव्याने लागू होते. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तिन्ही सुटली, असा हिशेब कोणी मांडू नये. तात्पर्य, तपासणी दोघांचीही हवी आणि तिचे वाचनही दोघांना समोर बसवून व्हायला हवे. एकट्या मुलीच्या कागदावरून सोयरीक मोडणे हे अज्ञान आहे, आणि त्या अज्ञानाची किंमत नेहमी मुलीच मोजतात.

‘निगेटिव्ह’चा दिलासा

पॉझिटिव्ह अहवाल जसा भिववतो, तसा निगेटिव्ह अहवाल निर्धास्त करतो. पुष्कळदा ही निर्धास्ती अधिक घातक ठरते.

नवजात अर्भकाच्या रक्तात बहुतांश गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन असते. सिकल हिमोग्लोबिनचे प्रमाण पहिले काही महिने इतके थोडे असते की द्रावण गढूळ होत नाही. तीन महिन्यांच्या बाळाची द्राव्यता चाचणी निगेटिव्ह आली म्हणून आईबाप सुटकेचा नि:श्वास टाकतात. पुढे सहा महिन्यांनी त्याच बाळाचे हातपाय सुजतात, ते कळवळून रडू लागते, आणि ‘त्याची तपासणी झालेली आहे’ या समजुतीपायी सिकलसेलचा विचारच मागे पडतो. लवकर निदान झाले असते तर काय मिळाले असते, हे वैद्यकाला ठाऊक आहे. अशा बालकांना रोज पेनिसिलिन दिल्याने न्यूमोकोकस जंतूचे गंभीर संसर्ग फार मोठ्या प्रमाणात टळतात, हे अमेरिकेतील अभ्यासाने १९८६ सालीच सिद्ध केले. प्रतिबंधक लस आहे, हायड्रॉक्सियुरियासारखे औषध आहे. नवजात अर्भकासाठी वेगळ्या पद्धतीची तपासणीही उपलब्ध आहे. ती मागायला हवी, एवढेच.

रक्तातले एकूण हिमोग्लोबिनच फार उतरले असेल तरीही द्रावण पुरेसे गढूळ होत नाही आणि चाचणी चकवते. नुकतेच रक्त चढवलेले असेल तर दात्याचे हिमोग्लोबिन रुग्णाच्या रक्तात मिसळलेले असते. मग एसएस रुग्णही कागदावर एएस दिसू शकतो. त्यासाठी तीन-चार महिने थांबावे लागते, किंवा आईवडिलांची तपासणी करून उलगडा करावा लागतो. आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट ही, की द्राव्यता चाचणीला थॅलेसेमियाविषयी काहीही विचारलेले नसते. एक जोडीदार सिकलचा वाहक आणि दुसरा बीटा थॅलेसेमियाचा वाहक असेल, तर त्यांच्या अपत्यात दोन्ही दोष एकत्र येऊन एसएसइतकाच तीव्र आजार होऊ शकतो. त्या दुसऱ्या जोडीदाराचा अहवाल मात्र ‘सिकल निगेटिव्ह’ असा निर्मळ असतो. तो खोटा नसतो. जो प्रश्न विचारला त्याचे उत्तर त्याने खरेच दिलेले असते.

यंत्र मोठे, म्हणून वाचन सोपे नव्हे

यावर कोणी म्हणेल, की मग सरसकट मोठ्या यंत्रावरच तपासणी करा. एचपीएलसी आणि इलेक्ट्रोफोरेसिस या पद्धतींनी हिमोग्लोबिनचे निरनिराळे प्रकार वेगळे करून मोजता येतात आणि निदानाचा पाया तोच आहे. वाहकात सिकल हिमोग्लोबिन साधारणपणे तीस ते चाळीस टक्के आणि नेहमीचे हिमोग्लोबिन त्याहून अधिक असते. एसएस रुग्णात नेहमीचे हिमोग्लोबिन नसतेच. येथे शंका बरीच कमी होते, पण संपत नाही. अंगात लोहाची उणीव असली तर काही आकडे खाली सरकतात आणि थॅलेसेमियाचा वाहक निसटू शकतो. सिकल आणि थॅलेसेमिया यांची जोडी आणि शुद्ध एसएस यांतला भेद काही वेळा केवळ आलेखावरून होत नाही. कुटुंबातल्या इतरांचे रक्त पाहावे लागते, कधी जनुकीय चाचणीपर्यंत जावे लागते.

शिवाय निदान बिनचूक झाले तरी रुग्णाचे भवितव्य त्या दोन अक्षरांत सामावलेले नसते. एसएस हाच शिक्का असलेली दोन मुले पाहावीत : एक वर्षातून चारदा रुग्णालयात भरती होते, दुसरे शाळेत कबड्डी खेळते. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन ज्याच्यात अधिक टिकून राहते त्याला आजार बहुधा सौम्य जातो. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील बालरोगतज्ज्ञ डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भागातील मुलांमध्ये आजाराची तीव्रता आणि हायड्रॉक्सियुरियाच्या कमी मात्रेचा उपयोग यांवर केलेले काम वैद्यकीय जगात परिचित आहे. अहवालातील अक्षरांपलीकडे जाऊन मुलाकडे पाहण्याचे ते काम आहे.

सिकलसेलच्या रुग्णाचे इतर अहवाल वाचतानाही हीच दृष्टी लागते. अशा रुग्णाचे हिमोग्लोबिन वर्षानुवर्षे आठ ग्रॅमच्या आसपास राहते आणि त्याचे शरीर त्याला सरावलेले असते. कागदावर तो आकडा ठळक होऊन येतो. नवख्या ठिकाणी लगोलग रक्त चढवण्याची भाषा सुरू होते, किंवा लोहाच्या गोळ्यांचा मारा होतो. वास्तविक पाहायचे असते ते हे, की त्याच्या स्वतःच्या नेहमीच्या आकड्यापासून तो किती घसरला आहे. त्याच्या डोळ्यांत पिवळेपणा असतो, बिलिरुबिन वाढलेले असते. घरचे लोक त्याला काविळीचे औषध देणाऱ्याकडे नेतात. तांबड्या पेशी अकाली फुटल्याने वाढलेले बिलिरुबिन आणि यकृत सुजल्याने वाढलेले बिलिरुबिन यांचा एकूण आकडा सारखा असू शकतो, कारण मात्र अगदी वेगळे. आणि पुढे या रुग्णाला मधुमेह झालाच, तर आजकाल सर्वतोमुखी असलेली एचबीए१सी ही चाचणी त्याच्या बाबतीत हमखास फसवते. गेल्या सुमारे तीन महिन्यांत तांबड्या पेशींवर किती साखर चढली, हे ती मोजते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते; एसएस रुग्णाची पेशी दहा-वीस दिवसांतच संपते. तिच्यावर साखर चढायला वेळच मिळत नाही. आकडा उत्तम येतो आणि साखर मात्र आत पोखरत राहते. यंत्राने मापन बिनचूक केलेले असते. तरीही त्या माणसासाठी तो आकडा निरर्थक असतो.

आकड्यांमागचा हिशेब

येथवर सिकलसेलचे उदाहरण घेतले. पण जे सूत्र हाती लागते ते सर्वच तपासण्यांना लागू आहे. चाचणीच्या उत्तराचे वजन ती कोणावर केली यावर अवलंबून असते. साधा हिशेब करून पाहू. समजा, एक चाचणी शंभर दोषींपैकी ९७ जणांना पकडते आणि शंभर निर्दोषांपैकी दोघांना चुकून दोषी म्हणते. हजार लोकवस्तीच्या ज्या गावात शंभर वाहक आहेत, तेथे ती ९७ खऱ्या वाहकांना आणि ९०० निर्दोषांपैकी १८ जणांना पॉझिटिव्ह ठरवील. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या ११५ पैकी ९७ जण खरोखरीच वाहक. आता तीच नळी, तेच द्रावण घेऊन हजारात एकच वाहक असलेल्या गावात जाऊ. तेथे पॉझिटिव्ह येतील सुमारे २१ आणि त्यांतला खरा वाहक एकच. चाचणी बदलली नाही, तिची गुणवत्ताही बदलली नाही. तरी पहिल्या गावात तिचा शब्द बव्हंशी खरा आणि दुसऱ्या गावात बव्हंशी खोटा.

म्हणूनच लक्षणे नसताना, कोणी काही विचारलेले नसताना केलेल्या ढीगभर तपासण्या फसव्या असतात. सणासुदीला सवलतीच्या दरात साठ-सत्तर तपासण्यांची पॅकेजेस विकली जातात, त्यांच्या बाबतीत हे ध्यानात ठेवावे. अहवालात उजव्या बाजूला ज्या संदर्भमर्यादा छापलेल्या असतात, त्या बहुधा अशा रीतीने ठरवलेल्या असतात की निरोगी लोकांपैकी शंभरातले पंचाण्णव त्यांच्या आत यावेत. उरलेले पाच निरोगी असूनही मर्यादेबाहेर पडतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एखाद्या निरोगी माणसावर केल्या, तर त्यांतली एक तरी मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता शंभरात चौसष्ट. मग त्या एका ठळक आकड्याच्या पाठीमागे सोनोग्राफी, पुन्हा रक्त, पुन्हा तज्ज्ञ असा प्रवास सुरू होतो. आजार नसलेला माणूस रुग्ण होतो, आणि त्या धावपळीत खिशाला लागलेली झळ कोणत्याच अहवालात नोंदली जात नाही.

आणखी एक साक्षीदार आपण विसरतो : नागपूरचा उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो. अशा वेळी संकलन केंद्रावर घेतलेले रक्त दुचाकीवरच्या पेटीतून मुख्य प्रयोगशाळेकडे निघते. साध्या नळीतील रक्तात पेशी जिवंत असतात आणि त्या साखर खात राहतात. सामान्य तापमानालाही तासाला पाच ते सात टक्के साखर कमी होते, उष्णतेत त्याहून अधिक. उपाशीपोटी १३० मिलिग्रॅम साखर असलेल्या, म्हणजे मधुमेहाच्या १२६ या मर्यादेपलीकडे गेलेल्या माणसाचा नमुना दोन तास तसाच राहिला, तर यंत्रावर आकडा ११५ च्या आसपास दिसेल. याच कारणाने साखरेसाठी फ्लोराइडची वेगळी नळी वापरतात आणि नमुना त्वरेने थंड करून वेगळा काढतात. सुई नीट न बसल्याने पेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते आणि हृदयरोग्याच्या घरी घबराट उडते. यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच साक्ष बिघडलेली असते. यंत्र बिचारे हाती आले ते मोजते.

अर्थ सांगण्याची जबाबदारी

मग दोष कोणाचा? प्रयोगशाळेकडे बोट दाखवून हा प्रश्न सुटत नाही. उत्तम प्रयोगशाळा रोजच्या रोज आपली यंत्रे तपासतात, बाहेरून आलेल्या अज्ञात नमुन्यांवर स्वतःची परीक्षा घेतात आणि शंका आली की नमुना परत मागवतात. ज्या हे करत नाहीत त्यांच्यावर अंकुश हवा, यात दुमत नाही. रोगनिदानशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत वैद्यानेच अहवालावर स्वाक्षरी करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले. त्या आग्रहामागचे तत्त्व हेच, की आकडा छापणे आणि आकड्याची जबाबदारी घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

डॉक्टरांचाही यात वाटा आहे. रुग्णाची हकीकत ऐकायला आणि त्याला तपासायला लागणारा वेळ वाचवून तपासण्यांची यादी लिहून देणे सोयीचे असते. काही ठिकाणी ते किफायतशीरही असते, हे वैद्यकीय व्यवसायातील जाणती माणसेच खेदाने बोलून दाखवतात. तपासणी लिहिण्यापूर्वी ‘या उत्तराने माझ्या उपचारात काय फरक पडणार?’ हा प्रश्न डॉक्टरने स्वतःला विचारला, तर अर्ध्या यादीवर आपोआप काट बसेल. अर्थात, भीतीपोटी अधिक तपासण्या लिहिणाऱ्या डॉक्टरची बाजूही समजून घेतली पाहिजे. एखादा रोग निसटला तर नातेवाईक आणि ग्राहक न्यायालय त्याला सोडत नाहीत. दहा तपासण्या निष्कारण केल्याबद्दल मात्र त्याला कोणी जाब विचारत नाही.

शासनाची जबाबदारी या दोहोंपेक्षा मोठी आहे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे झाला. सतरा राज्यांतील बाधित भागांत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट आहे. त्याआधी, ११ डिसेंबर २०२२ रोजी, हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक विकारांवरील संशोधन आणि नियंत्रणाचे चंद्रपूर येथील केंद्र राष्ट्राला अर्पण करण्यात आले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झालेला आहे. या गोष्टी स्वागतार्ह आहेत. परंतु अभियानाचे यश किती कोटी नळ्या गढूळ झाल्या यावर मोजले जाऊ नये. प्रत्येक पॉझिटिव्ह माणसाची पुढची तपासणी झाली काय, ती त्याच्या हाती पडली काय, आणि तिचा अर्थ त्याला त्याच्या भाषेत, गोंडी वा माडिया बोलणाऱ्याला गोंडी वा माडियात, कोणी समजावून सांगितला काय, हे मोजले पाहिजे. आपण वाहक आहोत एवढेच कळलेला आणि वाहक म्हणजे काय हे न कळलेला माणूस तपासणीपूर्वी जितका सुखी होता तितका नंतर राहत नाही. अशा तपासणीने त्याला ज्ञान दिलेले नसते, केवळ धास्ती दिलेली असते. दर तालुक्याला यंत्र नेता येईल की नाही हा पैशाचा प्रश्न आहे. दर आरोग्य केंद्रात समजावून सांगणारा एक प्रशिक्षित समुपदेशक नेमणे हा मुख्यतः इच्छेचा प्रश्न आहे.

राहता राहिला वाचक, म्हणजे तुम्ही-आम्ही. आपण वैद्यक शिकावे अशी अपेक्षा कोणी करत नाही. मात्र अहवाल हाती आल्यावर तीन प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्याला आहे आणि ते विचारताना संकोच करू नये. ही तपासणी कोणत्या प्रश्नाच्या उत्तरासाठी केली? माझ्या वयाचा, माझ्या इतर आजारांचा, चालू औषधांचा, नुकत्याच घेतलेल्या रक्ताचा या आकड्यावर काही परिणाम झाला असेल काय? आणि या उत्तराने पुढे काय बदलणार आहे? जुने अहवाल फेकू नयेत. आजच्या आकड्याचा खरा सोबती छापील मर्यादा नसून आपलाच मागचा आकडा असतो. आणि ज्यांच्या घरी विवाहाची बोलणी चालू आहेत त्यांनी पत्रिकेआधी दोघांचेही रक्त पाहावे, त्यात थॅलेसेमियाचीही चौकशी करावी, आणि कागद पाहून उठण्याआधी जाणत्या डॉक्टरपाशी बसावे. दोघेही वाहक निघाले तरी दार बंद होत नाही. गर्भावस्थेच्या सुरुवातीलाच अपत्याची तपासणी करण्याची सोय वैद्यकाकडे आहे. निर्णय काय घ्यायचा तो त्या दोघांनी घ्यायचा आहे, पण तो समजून-उमजून घ्यायचा आहे.

मेडिकलच्या आवारात आजही एखादी आई पिशवीतून घडी घातलेला कागद काढून समोरच्या माणसाला विचारते, ‘दादा, यात काय लिवलं आहे जी?’ त्या कागदावर काय लिहिले आहे हे कोणीही साक्षर माणूस वाचून दाखवील. तिला हवे असते ते त्याच्या पुढचे : माझ्या लेकराचे काय होणार आणि मी काय करायचे? या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही यंत्रातून छापून येत नाही. ते देणारे माणूस तिच्यासमोर बसलेले असेल, तरच त्या तपासणीवर खर्च झालेला पैसा आणि काढलेले रक्त सार्थकी लागले, असे म्हणता येईल.